तिसऱ्या रकान्यातली खूण

“आमचं मराठी उडालंय हो, ताबडतोब माणूस पाठवा!”

असा फोन आमच्या दादरच्या ऑफिसात दिवसातून तीन-चार वेळा तरी यायचा. पाठवायचा तो ‘माणूस’ म्हणजे मी. मी दारात उभी राहिले की समोरच्याचा चेहरा पडायचा. “तुम्ही? साहेब नाही आले कोणी?” मी खांद्यावरची पिशवी टेबलावर ठेवून म्हणायचे, “साहेबांनीच पाठवलंय. मशीन कुठेय?” सुरुवातीला राग यायचा, पुढे पुढे त्या पडलेल्या चेहऱ्यांची मजा वाटायला लागली. कारण अर्ध्या तासात मराठी परत आलं की तेच लोक “ताई, चहा घेणार की सरबत?” करत मागेपुढे फिरायचे.

माझी भाची मोबाइलवर बोटं फिरवून मराठी लिहिते. तिला ते नळाला पाणी यावं तसं वाटतं. मी तिला सांगितलं, बाई गं, मराठी घालून द्यायला मी गिरगावातले, परळमधले, लालबागमधले जिने चढून चढून गुडघे घालवलेत. ती म्हणाली, “मावशी, मराठी घालून द्यायला म्हणजे? मराठी काय बल्ब आहे?” तेव्हा ठरवलं, एकदा हे लिहूनच काढावं.

तर सांगते. तेव्हा कंप्युटरवर लिहायचं सॉफ्टवेअर परदेशातून यायचं आणि त्याला इंग्रजीशिवाय ओ की ठो कळायचं नाही. आमची छोटीशी कंपनी त्याला मराठीची जोड विकायची. अक्षरं, मराठी कीबोर्ड आणि पडद्यावरच्या पट्टीत एक जास्तीचं बटण, एवढा तिचा संसार. मूळ सॉफ्टवेअरच्या बिऱ्हाडात आमचं मराठी म्हणजे पोटभाडेकरू. मालकाने नुसता रंग द्यायला काढला तरी पहिली वळकटी पोटभाडेकरूची बाहेर! मूळ सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकली, मराठी गेलं. प्रिंटर बदलला, मराठी गेलं. शेजारच्या हुशार मुलाने “जागा मोकळी करतो” म्हणून चार फायली पुसल्या, की त्यातली एक हमखास आमची.

लालबागच्या एका गणेश मंडळाचा किस्सा तर आमच्या ऑफिसात वर्षभर पुरला. मंडळाचा अहवाल छपाईला जायचा होता आणि मराठी गायब. मी गेले, घालून दिलं. दुसऱ्या दिवशी परत फोन, उडालं. परत गेले. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी स्वतः ऑफिसात हजर. “ताई, तुमचं मराठी आमच्याकडे टिकत का नाही? वास्तूत काय दोष आहे काय?” मी जाऊन चिवटपणे तासभर बसले, तेव्हा उलगडा झाला. मंडळाच्या कोणा हितचिंतकाने व्हायरस मारायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं. ते रोज दुपारी एकदा मशीन झाडायचं आणि आमच्या जोडणीला व्हायरस समजून उचलून बाहेर टाकायचं. मी हे समजावलं तर सेक्रेटरी कपाळावर हात मारून म्हणाला, “च्यायला, म्हणजे लालबागमध्ये मराठीच रोग ठरला!” अख्खं मंडळ हसत सुटलं आणि मीही.

गिरगावात एक वकीलसाहेब होते. त्यांच्या टायपिस्ट बाईंनी आमचं मराठी असताना दुसऱ्या एका कंपनीचंही टाकून घेतलेलं. “एक बिघडलं तर दुसरं असावं हाताशी,” म्हणे. दोन्ही जोडण्या एकाच बटणावर बसलेल्या. ‘वादी’ लिहायला जावं तर चौकोन, ‘प्रतिवादी’ लिहायला जावं तर स्वस्तिकं आणि चांदण्या. वकीलसाहेब मला म्हणाले, “बाई, दोघांतून एक काढा. दोन सवतींचा खटला मी कोर्टात लढवीन, मशीनमध्ये नको.” काढलं मी दुसरं. आपलं कसं काढणार?

अशी मी तेव्हा होते. चलाख, तोंडाळ आणि स्वतःवर जरा जास्तच खूश. त्याला कारणही होतं. आमचे बाबा लालबागच्या एका कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. गिरण्यांचा संप झाला तेव्हा मी शाळेत. संप कधी संपला हे आमच्या घरात कोणालाच नीट सांगता येत नाही, कारण तो संपल्याचं कोणी सांगायलाच आलं नाही. बाबा वॉचमनची नोकरी करायला लागले, आईने डबे सुरू केले आणि त्या डब्यांवर मी कंप्युटरचा कोर्स केला. चाळीतली कंप्युटरवाली पहिली मी. आई शेजारणींना सांगायची, “आमच्या सुनीताक मशीनचा सगळा म्हायत.” त्यामुळे मला वाटायचं, मशीनपुढे कोणी चुकलं तर ते आधी शिकून का नाही आले?

आमच्या सर्व्हिस रिपोर्टवर तीन रकाने असायचे. बिघाड कशामुळे: मशीन, सॉफ्टवेअर, वापरणारा. त्यातल्या एकावर खूण करायची, खाली गिऱ्हाइकाची सही, आणि कार्बनची प्रत त्यांना द्यायची. आमचे सर, म्हणजे कंपनीचे मालक, मला पहिल्या दिवशीच म्हणाले होते, “राणे, पहिला रकाना बघायचा, तिसरा बघायचा. मधला शोभेचा आहे.” मी हसले होते. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत मधल्या रकान्यात मी एकदाही खूण केली नाही.

फणसवाडीत एक छापखाना होता. खाली छापखाना, वर मालकांचं बिऱ्हाड. मालकांना सगळे अण्णा म्हणायचे. पन्नाशीचे, तोंडाने फटकळ, पण कामाचे पक्के. लग्नपत्रिका ही त्यांची खासियत. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापायचे दिवस संपत आले होते, म्हणून त्यांनी कंप्युटर घेतला आणि आमच्याकडून मराठी. त्यांच्याकडे परब नावाचे एक टायपिस्ट होते, माझ्या बाबांच्या वयाचे. पूर्वी परळच्या एका गिरणीच्या ऑफिसात मराठी टाइपरायटरवर बसायचे. संपात ते काम गेलं आणि अण्णांच्या आईने, माईंनी, त्यांना छापखान्यात घेतलं. पत्रिकांचा मजकूर टाइप करायचा, मुद्रितं तपासायची, पत्रव्यवहार बघायचा.

मराठी विकायला गेले तेव्हा अण्णा त्यांच्यासमोरच मला म्हणाले होते, “परबांना जमलं तर बघू. तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांची झुंबड उडते. तोवर हे बसले मशीनवर तर ठीक, नाहीतर क्लास केलेली एक मुलगी बघून ठेवलीय मी.”

परबकाकांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “बाय, ह्यात टाइपरायटरचो कीबोर्ड असा ना? माझी बोटां आता दुसरा काय शिकूची नाय.” माझ्या घरचीच बोली ती. मी म्हटलं, “आहे ना काका. तुमची बोटं जिथे पडतात तिथेच अक्षर येणार.” त्यांचा चेहरा असा उजळला की मलाच बरं वाटलं. मराठी कसं चढवायचं ते सांगणारं आमचं माहितीपत्रक त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं आणि घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं.

चावीच्या फ्लॉपीबद्दल इथे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कोणी एक प्रत विकत घेऊन दहा मशीनवर टाकू नये म्हणून आमच्या मराठीबरोबर एक खास फ्लॉपी यायची; विकतानाच ती गिऱ्हाइकाकडे ठेवायची. तिच्यात एक आकडा असायचा: एक. मराठी मशीनवर चढवायला सुरुवात केली की फ्लॉपी आधी तो आकडा शून्य करायची, आणि मग वीसेक मिनिटं फायली चढत राहायच्या. वीस मिनिटांत काही बिनसलं तर फायली अर्धवट आणि आकडा शून्य. परत फ्लॉपी घातली की इंग्रजीत एक ओळ यायची: मर्यादा संपली. मग नवी फ्लॉपी बनवून आणायला चार-पाच दिवस.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मराठी चढवायला मी फणसवाडीत गेले. मशीनला झेंडूचा हार, पडद्याच्या काचेवर हळदकुंकवाची बोटं. छापखान्यात हे व्हायचंच, त्यात नवल नव्हतं. मी त्यांच्याकडची फ्लॉपी घातली, बटण दाबलं आणि समोर ओळ: मर्यादा संपली.

मशीनच्या आत शोधलं तर आमच्या जेमतेम पाव फायली. कोणीतरी आधीच चढवायला घेतलं होतं आणि मध्येच मशीन बंद केलं होतं.

“कोणी हात लावला होता?” मी विचारलं.

अण्णा दसऱ्याला पुण्याला सासुरवाडीला गेले होते, सकाळीच परतलेले. ते परबकाकांकडे बघायला लागले. काका उभे राहिले. शाळेत नाव पुकारल्यावर उभं राहतात तसे.

“मी. बटण मीच दाबलं.”

“आणि बंद?”

“तेही मीच केलं.”

“अहो पण कशाला?” अण्णा ओरडले. “ह्या बाई आज येणार हे माहीत होतं ना तुम्हाला? काय घाई झाली होती?”

काका गप्प. मान मात्र खाली नव्हती. मला तर संतापच आला. चार दिवस माझे फुकट, वर सरांची बोलणी. मी म्हटलं, “काका, हे काही टाइपरायटर नाही, बसलं आणि ठोकलं. शिकल्याशिवाय हात लावायचा नसतो मशीनला.”

हे मी म्हटलं. माझ्या बाबांच्या वयाच्या माणसाला, खिळे जुळवणाऱ्या सगळ्या कंपॉझिटरांच्या देखत. आजही हे वाक्य आठवलं की कान गरम होतात.

अण्णांनी विचारलं, “राणेबाई, सरळ सांगा. दोष मशीनचा, तुमच्या मालाचा, की माणसाचा? मला तेवढंच कळू दे.”

आता मला दिसत होतं की ह्या एका शब्दावर काकांची खुर्ची आहे. दिसत होतं, नव्हतं असं नाही. पण समोर सगळं स्वच्छ होतं: बटण दाबलं ते त्यांनी, बंद केलं ते त्यांनी, कबूल केलं तेही त्यांनी. मी म्हटलं, “माणसाचा,” आणि तिसऱ्या रकान्यात खूण केली. ‘वापरणाऱ्याची सही’ म्हणून काकांपुढे कागद सरकवला. त्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण मागे लावलं आणि एकेक अक्षर कोरावं तशी सही केली.

पाच दिवसांनी नवी फ्लॉपी घेऊन गेले तर काकांच्या खुर्चीत एक मुलगी बसलेली. छान होती बिचारी, हुशार होती. तिला टाइपरायटरचा कीबोर्ड नको होता, दुसरा हवा होता. मी विचारलं, “परबकाका?” ती म्हणाली, “माहीत नाही. मी सोमवारपासून आहे.”

फायली चढत होत्या. वीस मिनिटं नुसतं बसायचं. तेवढ्यात जिन्यावरून माई खाली आल्या. ऐंशी पार केलेल्या, नऊवारी, हातात बत्ताशांची वाटी. माझ्या हातावर बत्तासा ठेवत म्हणाल्या, “अगो, झालं का तुझं मराठी? आम्ही मुहूर्त साधला होता हो दसऱ्याचा. साडेतीन मुहूर्तातला मुहूर्त, तो काय वाया घालवायचा? परबांना म्हटलं, रोज तुमच्या हातून काम व्हायचं तर आरंभही तुमच्याच हातून होऊ दे. त्यांनी तुमच्या कंपनीचा तो कागद वाचून बरोब्बर बटण दाबलं. पाच मिनिटं चालू दिलं, आणि मग म्हटलं, आता बंद करा आणि पूजेत ठेवा. दसऱ्याला यंत्राकडून काम करून घ्यायचं नसतं. त्यालाही विसावा हवा.”

बत्तासा माझ्या तोंडात तसाच राहिला.

ह्यात कुणालाही काही वावगं वाटलं नसतं. आपल्याकडे पाटीवर सरस्वती काढतात, पहिल्या पानावर ‘श्री’ लिहितात आणि वही मिटून पूजेत ठेवतात. आमच्या बाबांच्या गिरणीतही साचे पुसून, हार घालून एक दिवस गप्प ठेवायचे. आरंभ करायचा आणि थांबायचं. हा आपल्याकडचा रिवाज, आणि कुठलंही यंत्र त्यावर रुसल्याचं मी ऐकलेलं नाही. रुसलं ते फक्त आमचं.

“माई, हे अण्णांना माहीत आहे?” मी विचारलं.

“छे गो! त्याने आधीच बजावलेलं, कंप्युटरला हळदकुंकू लावायचं नाही म्हणून. आल्याबरोबर काचेवरची बोटं बघून माझ्यावर केवढा खेकसला! मग बाकीचं कशाला सांगू? परब म्हणाले, माई तुम्ही काही बोलू नका, मी बघतो.” मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं. “गावाला गेलेत ना परब? अण्णा म्हणाला, रजेवर आहेत.”

त्यांना काही सांगितलंच नव्हतं. मी ‘हो’ म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मग मी एक गोष्ट केली, जी पाच दिवसांपूर्वी करायला हवी होती. पिशवीतून आमचं माहितीपत्रक काढून वाचलं. एक, फ्लॉपी घाला. दोन, एंटर दाबा. तीन, पडद्यावरील सूचना पाहा. सूचना इंग्रजीत. मध्येच बंद करू नका, असं मराठीत एक अक्षर नाही. सबंध कागदावर कुठेही नाही. आणि तो कागद लिहिला होता मी. सरांनी कौतुकाने मला लिहायला दिला होता. वर म्हणाले होते, “राणे, घाटकोपरच्या आजीबाईलासुद्धा कळेल असं लिहा.” मी लिहिलं, आणि काकांनी त्यातलं एकूण एक अक्षर पाळलं.

संध्याकाळी घरी बाबांना सगळं सांगितलं. ते खाटेवर बसून गुडघ्यांना तेल चोळत होते. म्हणाले, “चूक कोणाची तां बघलंस. पण कित्याक झाली तां इचारलंस?”

मी म्हटलं, “का केलं ते काका बोललेच नाहीत, बाबा.”

“बोलाक नाय म्हणान तर इचारूचा, बाय.”

मला रडू फुटलं. बाबांनी समजूत वगैरे घातली नाही. तेल चोळून झालं, बाटलीला बूच लावलं आणि म्हणाले, “काय ता सकाळी कर.”

सकाळी मी सरांपुढे कोरा रिपोर्ट ठेवला आणि म्हटलं, मला फणसवाडीचा रिपोर्ट बदलायचा आहे, खूण मधल्या रकान्यात करायची आहे. सरांनी चष्मा काढला. “राणे, कंपनीच्या कागदावर कंपनीचीच चूक लिहून देणार? धंदा करायचाय की कीर्तन?”

“सर, आकडा आधी शून्य करायचा हे कोणी ठरवलं? सगळं चढल्यावर शेवटी केला असता तर काय बिघडलं असतं?”

ते सरांनीच ठरवलं होतं.

“आणि पत्रकात सूचना नाही. ते मी लिहिलंय. कंपनीचं नाव नको असेल तर माझं घालते.”

सरांनी चष्मा पुसला, घातला, परत काढला. मग उठून चपला घालत म्हणाले, “शिक्का ड्रॉवरमध्ये आहे. मी चहा प्यायला चाललोय. मी काही बघितलेलं नाही.” तापट होते, पण माणूस होते. पुढच्याच आवृत्तीत तो आकडा सगळं चढून झाल्यावर शून्य व्हायला लागला, आणि पत्रकात ठळक अक्षरांत सूचना आली. त्याबद्दल आम्ही दोघं एकमेकांशी कधी एक शब्दही बोललो नाही.

रिपोर्ट घेऊन मी अण्णांकडे गेले. माईंचं नाव त्यात कुठेही नव्हतं. काकांनी जे झाकलं ते उघडं करायचा मला काय अधिकार? अण्णांनी कागद वाचला, उलटून मागे बघितलं, परत वाचला.

“मग परबांनी तेव्हाच का नाही सांगितलं? कशासाठी केलं एवढं तरी?”

मी दाराकडे बघत राहिले. तर जिन्यावरून आवाज आला, “माझ्यासाठी.”

माई तिसऱ्या पायरीवर उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. “मीच दाबायला सांगितलं आणि मीच बंद करायला सांगितलं. आणि अण्णा, रजेवर आहेत म्हणालास तू मला. रजेवर?”

अण्णांनी रिपोर्टची घडी केली आणि खाली बघत म्हणाले, “राणेबाई, तुम्ही घोडपदेवला परबांच्या घरी जाल का? त्यांना म्हणावं, उद्यापासून या. मुलगी आहे तशी राहील, दोघांना पुरेल एवढं काम आहे. मीच गेलो असतो, पण…” ते ‘पण’ तसंच राहिलं.

घोडपदेवला काकांची चाळ शोधून काढली. दुसरा मजला, शेवटून दुसरी खोली. काका खिडकीशी पेपर वाचत होते, काकू तांदूळ निवडत होत्या. मला बघून काका लगबगीने उठले, खुर्ची पुसून दिली. “ये बाय, ये. बस. अगो, चाय टाक, राण्यांचा चेडू इला.” जसं काही मी पाहुणी आले होते.

काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही. उठून चहा टाकला.

मी हात जोडून म्हटलं, “काका, चुकलं माझं.” पुढचं भराभरा सांगून टाकलं: माई बोलल्या, पत्रकात सूचनाच नव्हती, अण्णांनी उद्यापासून बोलावलंय.

काका ऐकत होते. मग म्हणाले, “तुझो कागद मी तीनदा वाचलेलो. बंद करू नये असा खंय नव्हता. माका वाटला, असात काय तरी, आपणाकच म्हायत नाय.”

“मग सांगितलं का नाही?”

“कोणाचा नाव सांगू? संपात गिरणीवाल्याक कोण दारात उभा करी नव्हतो. म्हणत, हे लोक कटकटीचे. त्या म्हातारीन माका कामाक घेतलान. तिच्या झिलान, अण्णान, तिका चार माणसांत बोललेला माझ्यान ऐकवला नसता.”

“मग उद्या येताय ना?”

त्यांनी मान हलवली. नाही म्हणून. “संपानंतर गिरणीच्या गेटवर उभा रवलंय, परत आत घेवा म्हणान. सात दिवस. जिंदगीत एकदा उभा रवलंय, बाय. परत नाय.” आवाजात राग नव्हता. भोईवाड्याच्या कोर्टाबाहेर एका अर्ज लिहिणाऱ्याकडे जुना मराठी टाइपरायटर पडून होता, तिथे ते सोमवारपासून बसणार होते. ठरवूनही आले होते.

इतकी धावपळ केली, आणि त्याचा उपयोग शून्य. मी रिपोर्टची दुसरी प्रत काढून त्यांच्यापुढे धरली. “निदान हे तरी ठेवा, काका.”

त्यांनी चष्मा लावला. कागद हातात घेतला नाही, नुसता वाकून बघितला. मधल्या रकान्यातली खूण बघितली, शिक्का बघितला. मग आतल्या बाजूला, स्टोव्हपाशी पाठमोऱ्या बसलेल्या काकूंकडे बघत हळूच म्हणाले, “हिका अजून वाटता, मीच काय तरी करून ठेवलंय. गिरणी बंद पडली तेव्हाय हिका तसाच वाटला. कोणाची चूक, कोणी लिवन दिल्यानच नाय.”

मग खुर्ची स्टोव्हच्या बाजूला ओढून म्हणाले, “मोठ्यान वाच, बाय. हिका आयकू दी.”

मी उभी राहिले आणि वाचलं. “सदर बिघाड श्री. परब यांच्या चुकीमुळे झालेला नाही. त्यांनी कंपनीच्या लेखी सूचनांचं तंतोतंत पालन केलं. सूचना अपुऱ्या होत्या. चूक आमची आहे.”

स्टोव्हचा आवाज चालू होता. काकूंनी किल्ली फिरवून तो बंद केला.

“परत वाच,” काका म्हणाले.